मुरमाड जमीन आणि विश्वासाचे रोप

जून महिन्यात पहिला पाऊस पडला की शीळफाट्याच्या परिसरातील नव्या वसाहतींत दरवर्षी एक दृश्य पाहावयास मिळते. मंडळी मोठ्या हौसेने रोपे आणतात. कुंपणालगत खड्डे घेतले जातात आणि त्यांत जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, एखादे आंब्याचे कलम लावले जाते. श्रावणात सारे हिरवेगार असते. दिवाळीच्या सुमारास पाने पिवळी पडू लागतात आणि होळीपर्यंत खड्ड्यात केवळ एक वाळकी काडी उरते. मग घरातील वडीलधारी मंडळी निर्वाळा देतात, ‘‘इथली जमीनच वाईट.’’

हेच वाक्य आम्ही निराळ्या संदर्भातही ऐकत आलो आहोत. नव्या वसाहतींत राहावयास गेलेली कुटुंबे मिस्सेला दिसेनाशी होतात, घरातील संध्याकाळची जपमाळ बंद पडते, मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला येत नाहीत, तेव्हा धर्मग्रामाच्या बैठकीत कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, ‘‘तिथली जमीनच वाईट.’’ आणि कधी कधी पापनिवेदनाच्या वेळी एखादा श्रद्धावंत स्वतःविषयीच सांगतो, ‘‘फादर, माझे मनच खडकाळ आहे. त्यात काही रुजत नाही.’’

‘वाईट जमीन’ म्हणजे नेमके काय? ती तशी का होते? ती सुधारते का, आणि सुधारण्यास किती काळ लागतो? बागकामाच्या दृष्टीने या प्रश्नांची उत्तरे शोधली तर आध्यात्मिक जीवनाविषयीही बरेच काही उमगते. म्हणून या लेखात आम्ही आधी मातीविषयी बोलणार आहोत आणि मातीच्याच वाटेने मनाकडे वळणार आहोत.

शीळफाट्याची जमीन

जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणकडे जाणारा रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता जिथे एकत्र येतात तो नाका म्हणजे शीळफाटा. पश्चिमेला पारसिकचा डोंगर आणि भोवताली शीळ, डायघर, पडले, देसाई, खिडकाळी ही जुनी गावे. डोंगरउतारावर मातीचा थर जेमतेम वीतभर असतो. त्याखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर थिजून दख्खनचा जो विस्तीर्ण खडक तयार झाला, त्याचाच हा भाग. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेच्या बोगद्याचा घणसोली ते शीळफाटा हा सुमारे पाच किलोमीटरचा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला, तो याच खडकातून.

येथील जुने शेतकरी जमिनीचे दोन भाग मानीत. सखल भागात बांध घालून केलेली भाताची खाचरे आणि उतारावरील ‘वरकस’ जमीन. वरकस जमिनीत नाचणी किंवा वरी घ्यायची आणि मग काही वर्षे ती पडीक ठेवून तिला विसावा द्यायचा, अशी रीत होती. भाताचे रोप तयार करण्यासाठी जमिनीच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून ते जाळीत. त्यालाच ‘राब भाजणे’ म्हणतात. त्यामुळे तणाचे बी मरे आणि राखेतील पालाश रोपाला मिळे. जमीन गरीब आहे हे या लोकांना पुरते ठाऊक होते, तरीही तिला कोणी टाकून दिले नाही. तिच्याशी कसे वागायचे हे ते पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले.

या भागात वर्षाला सरासरी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघड्या उतारावरून तो माती आणि तिच्यातील पोषक द्रव्ये धुऊन नेतो. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे येथे पाण्याचा तुटवडा नाही. आलेले पाणी धरून ठेवणारी माती मात्र नाही.

हे झाले निसर्गाने दिलेले दारिद्र्य. त्यात माणसाने आपली भर घातली. इमारत उभी राहताना वरची सुपीक माती खरवडून नेली जाते आणि काम संपल्यावर त्या जागी मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा, फरशांचे अवशेष यांचा भराव टाकला जातो. सिमेंट आणि चुन्यामुळे अशी जमीन विम्लधर्मी होते. झाडाच्या कोवळ्या पानांचा रंग पिवळा होतो, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. आश्चर्य असे की अशा जमिनीत लोह पुष्कळदा भरपूर असते. येथील मुरमाचा तांबूस रंग लोहामुळेच आलेला आहे. परंतु विम्लता वाढली की मुळांना ते शोषून घेता येत नाही. अन्न समोर आहे आणि रोप उपाशी आहे, अशी ती अवस्था.

हे वाचून अनेकांना स्वतःचे जीवन आठवेल. दर रविवारी मिस्साबलिदान, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, घरात बायबल, भिंतीवर क्रूस. कशाचीही उणीव नाही, आणि तरीही मन पिवळे पडलेले. अशा वेळी आपण आणखी एखादी भक्ती, आणखी एखादी नोव्हेना सुरू करतो, म्हणजेच खताची मात्रा वाढवतो. खरा प्रश्न शोषणाचा असतो. मनात साठलेली एखादी जुनी अढी, भावाशी तुटलेला संवाद, कोणाला न सांगितलेला अपराध, हा आपल्या जमिनीत गाडलेला भराव होय. तो उपसल्यावाचून वरून घातलेले खत कामी येत नाही.

पेरणाऱ्याचा दाखला आणि आमची चूक

खडकाळ जमीन म्हटली की पेरणाऱ्याचा दाखला (मत्तय १३, मार्क ४, लूक ८) आठवणे स्वाभाविक आहे. वाट, खडक, काटेरी झुडपे आणि चांगली जमीन. आम्हीही धर्मगुरू म्हणून या दाखल्यावर अनेक वर्षे प्रवचने केली, आणि आता मागे वळून पाहताना कबूल करावेसे वाटते की त्यांत आमचे एक चुकत असे. आम्ही या दाखल्याचा वापर माणसांची वर्गवारी करण्यासाठी करीत होतो. हे वाटेवरचे, हे खडकाळ, हे काट्यांतले आणि हे, म्हणजे बहुधा नियमित मिस्सेला येणारे, चांगल्या जमिनीचे! ऐकणारा स्वतःला एका रकान्यात बसवून घरी जाई. रकाना बदलता येतो हे सांगावयास आम्ही विसरत असू.

प्रभू येशूने हा दाखला गालील सरोवराच्या काठी, नावेत बसून सांगितला. त्या किनाऱ्यावरील जमीन अवश्य ध्यानात घ्यावी. कफर्णहूम आणि खोराजिन या परिसरातील खडकही लाव्हारसापासून झालेला काळा पाषाणच आहे. खोराजिनच्या प्राचीन अवशेषांतील भिंती याच काळ्या दगडाच्या आहेत. म्हणजे दाखला ऐकणाऱ्यांच्या पायाखालचा खडक आणि शीळफाट्याचा खडक एकाच जातीचे. आणि हाच काळा पाषाण हजारो वर्षे ऊन, पाऊस व वनस्पतींची मुळे यांच्या संगतीत झिजतो, तेव्हा त्याचीच सुपीक माती होते. विदर्भ-मराठवाड्यात कापूस पिकविणारी काळी जमीन ही अशाच खडकाची लेक आहे. खडक म्हणजे अजून माती न झालेली माती!

दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे. वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन ही चार वेगळी शेते नाहीत. पेरणारा एकाच फेरीत चोहीकडे बी टाकीत जातो. एकाच शेताचे ते चार भाग आहेत. एकाच माणसाच्या मनातही हे चारही भाग सापडतात. मुलांच्या बाबतीत मऊ असलेला बाप नोकराच्या बाबतीत खडक असू शकतो. नेमाने उपवास करणाऱ्या व्यक्तीच्या मनात पैशाच्या चिंतेचे काटे माजलेले असू शकतात. तेव्हा ‘माझे मन खडकाळ आहे’ असे सरसकट म्हणण्यापेक्षा ‘माझ्या शेतात खडक कुठे आहे?’ असे विचारणे अधिक खरे आणि अधिक उपयोगाचे ठरते.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात जमिनीचे निदान आहे. उपचार पाहावयाचा असेल तर लूकच्या तेराव्या अध्यायाकडे वळावे लागते. द्राक्षमळ्यात अंजिराचे एक झाड आहे. तीन वर्षे मालक फळ शोधत येतो आणि रिकाम्या हाताने परततो. शेवटी तो झाड तोडण्याची आज्ञा देतो. त्यावर माळी विनंती करतो की त्याला आणखी एक वर्ष द्यावे, आपण त्याच्याभोवती खणू आणि खत घालू. माळी झाडाला बोल लावीत नाही. फांद्यांना फळे बांधीत नाही. तो मुळाशी जातो आणि मातीत हात घालतो. आध्यात्मिक वाढीचे सारे शास्त्र या एका कृतीत सामावले आहे, असे आम्हांला वाटते.

माळरानावरील एक साक्ष

हे केवळ रूपक आहे असे कोणास वाटू नये. ज्याच्याकडे पाहून लोकांनी हात टेकले होते अशा जमिनीत एका धर्मगुरूने आपले आयुष्य ओतल्याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात आहे. शीळफाट्याला अतिवृष्टीने माती वाहून जाते, तर अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील गावांत थोडाच पडणारा पाऊसही उघड्या माळावरून माती घेऊन जाई. येशूसंघाचे स्वित्झर्लंडमधून आलेले फादर हरमन बाखर १९४८ साली भारतात आले आणि पुढे या जिल्ह्यातील दुष्काळी गावांत रमले. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ या संस्थेची उभारणी केली. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून अनेक गावांत माती अडविण्याचे व पाणी जिरविण्याचे काम झाले. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्यांतील एक सुपरिचित गाव. सप्टेंबर २०२१ मध्ये फादर बाखर प्रभुघरी गेले.

या कामाची पद्धत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. पहिले सूत्र ‘माथा ते पायथा’. काम डोंगराच्या माथ्यापासून सुरू करायचे. जिथे कोणाचे शेत नाही, जिथे काम केलेले कोणाला दिसत नाही, तिथे आधी चर खणायचे. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला जिरवायचे. खालच्या शेताला त्याचे फळ मागाहून मिळते. दुसरे सूत्र लोकसहभागाचे. गावाने श्रमदान करायचे, झाडे तोडणे बंद करायचे आणि ठरलेल्या क्षेत्रात जनावरे मोकाट चरू द्यायची नाहीत. पैसा बाहेरून येऊ शकतो, पण चराईबंदी गावालाच पाळावी लागते.

आपल्या दिवसाचा ‘माथा’ कोणता? बहुतेकांच्या बाबतीत ती सकाळची पहिली पंधरा मिनिटे असतात. ती घड्याळाच्या आणि मोबाईलच्या उतारावरून वाहून गेली की खाली दिवसभर माती टिकत नाही. एक छोटासा चर तिथे खणावा. शुभवर्तमानाच्या चार ओळी वाचाव्यात आणि थोडा वेळ शांत राहावे. कोणास तो दिसणार नाही. परंतु पाणी तिथेच थांबेल.

आधी परीक्षा, मग पेरणी

बागेचे काम हाती घेण्यापूर्वी मातीची परीक्षा करावी. घरच्या घरी तीन साध्या परीक्षा करता येतात.

पहिली, बाटलीची. काचेच्या उभट बाटलीत एकतृतीयांश माती व उरलेले पाणी घालून ती जोराने हलवावी आणि ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांनी बसतो आणि चिकणमाती खाली बसावयास दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. थरांच्या जाडीवरून मातीचा पोत कळतो.

दुसरी, व्हिनेगरची. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना आहे, म्हणजे बहुधा बांधकामाचा भराव आहे असे समजावे.

तिसरी, निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि पाहत राहावे. दुसऱ्या खेपेचे पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर तिथे मुळे कुजणार हे निश्चित.

याहून अधिक माहिती हवी असेल तर मृदापरीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा. सेंद्रिय कर्बाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर ती जमीन कर्बाच्या दृष्टीने गरीब मानली जाते.

रात्री झोपण्यापूर्वी करावयाची विवेकपरीक्षा ही याच प्रकारची आहे. तिचा हेतू स्वतःला दोषी ठरवून खचून जाणे हा नाही. बाटली हलवून ठेवल्यावर आपण तिला रागावत नाही, केवळ थर बसण्याची वाट पाहतो. दिवसभराच्या घटना अशाच शांतपणे प्रभूसमोर ठेवाव्यात. जड गोष्टी लवकर तळाशी बसतात, गढूळपणा निवळावयास वेळ लागतो. आणि ज्या विषयाला स्पर्श होताच मन फसफसून उठते, तिथे काहीतरी गाडलेले आहे असे ओळखावे.

मुरमातील खड्ड्याची गोष्ट

शीळफाट्यासारख्या जमिनीत सर्वांत अधिक होणारी चूक खड्ड्याची आहे. मंडळी मुरमात पहारीने एक खड्डा खणतात, त्यात विकत आणलेली लाल माती आणि शेणखत भरतात आणि रोप लावतात. पहिले काही महिने रोप जोमाने वाढते. परंतु खड्ड्याच्या भिंती कठीण असल्यामुळे पावसाळ्यात तो हौदासारखा भरतो आणि मुळे गुदमरतात. जे रोप यातून वाचते त्याची मुळे भिंतीला आपटून आतल्या आत गोल फिरू लागतात. पाऊस सरला की तेवढी माती भराभर सुकते. जमिनीत लावलेले ते रोप प्रत्यक्षात कुंडीतच वाढत असते.

यावर उपाय असा. खड्ड्याच्या तळाला व बाजूंना पहारीने भेगा पाडाव्यात. खड्डा उन्हाळ्यात खणून महिनाभर तापू द्यावा. भरताना खणलेल्या मुरमातील मोठे दगड व बांधकामाचे तुकडे वेचून काढावेत आणि उरलेल्या मुरमातच शेणखत, पालापाचोळा व थोडी चांगली माती मिसळावी. म्हणजे मुळांना आतील व बाहेरील माती परकी वाटत नाही. भोवतालच्या जमिनीपेक्षा रोपाची जागा वीतभर उंच ठेवावी. जिथे खणणे अशक्य आहे तिथे विटांची कड करून वर वाफा उभारावा.

केवळ रविवारचा विश्वास हा मुरमातील अशा खड्ड्यासारखा असतो. एक तास सुपीक माती आणि भोवती सहा दिवसांचा अभेद्य खडक. कचेरीतील व्यवहार, लोकलमधील वागणूक, घरकामाला येणाऱ्या बाईंचे वेतन, शेजाऱ्यांशी असलेले संबंध यांना त्या तासाचा स्पर्शही होत नाही. आणि मग आपण विचारतो, माझा विश्वास वाढत का नाही? तो वाढू पाहतो, पण भिंतीला आपटतो. भिंतीला भेगा पाडणे हे आपले काम आहे. होशेय संदेष्ट्याने (१०:१२) आपल्या लोकांना पडीक जमीन नांगरावयास सांगितले, तेही असेच.

खत, आच्छादन आणि घाई

गरीब जमीन सुधारण्याचा राजमार्ग म्हणजे सेंद्रिय पदार्थ. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळा, उसाची चिपाडे व स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून घराच्या गच्चीवरही सकस माती तयार करता येते हे अनेकांना दाखवून दिले. रसवंतीवर फेकली जाणारी चिपाडे आणि रस्त्यावरील झाडांची गळलेली पाने ही शहरातील फुकट मिळणारी संपत्ती आहे. तीन भाग कोरडा पाला व एक भाग ओला कचरा एकत्र करून ओलसर ठेवावा आणि आठवड्यातून एकदा खालीवर करावा. आपल्या हवेत दोन ते तीन महिन्यांत त्याचे खत होते. तयार खताला कचऱ्याची दुर्गंधी येत नाही, पहिल्या पावसानंतरच्या रानाचा वास येतो.

आपल्या जीवनातील अपयश, आजारपण, दुःख, इतकेच नव्हे तर क्षमा झालेली पापेसुद्धा याच मार्गाने जातात. ती लपवून बंद पिशवीत ठेवली तर कुजतात. प्रायश्चित्त संस्कारात, प्रार्थनेत, विश्वासू मित्राशी केलेल्या बोलण्यात ती उघड्या हवेत येतात आणि कालांतराने त्यांचेच खत होते. स्वतः ठेचकाळलेला माणूस दुसऱ्याची ठेच समजून घेतो, ती याच खताची सुपीकता.

‘आच्छादन’ म्हणजे जमिनीवर पसरलेला पाल्याचा थर. तो उन्हापासून ओल राखतो आणि पावसाच्या माऱ्यापासून माती वाचवतो. उघडी जमीन लवकर गरीब होते. मौन हे मनाचे आच्छादन आहे. मिळालेला प्रत्येक अनुभव, केलेले प्रत्येक सत्कृत्य तत्काळ जगासमोर मांडले की त्यातील ओल उडून जाते.

येथे घाईविषयी इशारा देणे आवश्यक वाटते. ताजे शेण थेट मुळाशी घातले तर मुळे जळतात. रासायनिक खताची मोठी मात्रा दिली तर पाने चार दिवस तरारून येतात, परंतु माती आहे तिथेच राहते. काही प्रार्थनासभांत तात्काळ चमत्काराचे आणि रातोरात परिवर्तनाचे आश्वासन दिले जाते. भावनेच्या भरात अनेकांना उभारी येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण खडकाळ जमिनीतील रोपाविषयी प्रभूने सांगितले ते हेच की ते लगेच उगवले आणि मूळ नसल्यामुळे उन्हात करपले. खडकापासून एक सेंटिमीटर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. ईश्वराला घाई नाही.

तागाचे पीक

मुरमाड जमिनीत पहिल्या वर्षी फुलझाडे लावण्याऐवजी ताग, धैंचा किंवा चवळी पेरावी. या द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, फुलोरा येऊ लागताच, ताग कापून त्याच जमिनीत गाडायचा. याला हिरवळीचे खत म्हणतात. कुंपणाला गिरिपुष्प लावला तर त्याचा पाला वर्षानुवर्षे खतासाठी मिळतो. राबासाठी डोंगरावरील झाडे तोडण्यापेक्षा बांधावरील गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडावा, असे कृषितज्ज्ञ कोकणातील भातशेतकऱ्यांना सांगत आले आहेत. आपले एक खाचर पोसण्यासाठी डोंगर उघडा करणे अखेर त्या खाचरालाही परवडत नाही.

तागाला स्वतःचे फळ दिसत नाही. त्याच्या जागी पुढे जे उगवते ते दुसऱ्याचे असते. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभू येशूने (योहान १२:२४) जे शिकवले त्याची ही शेतातील प्रतिकृती. आपल्या धर्मग्रामांत ताग होऊन गेलेल्या व्यक्ती आहेत. पहाटे उठून डबे भरणाऱ्या आणि तरीही मुलांना प्रार्थना शिकवणाऱ्या माता, मानधनाची अपेक्षा न ठेवता वर्षानुवर्षे धर्मशिक्षण देणारे शिक्षक, नव्या वसाहतीत पाच घरे शोधून पहिली जपमाळ सुरू करणाऱ्या भगिनी. पौलाने लावले, अपोल्लोसने पाणी घातले आणि वाढ ईश्वराने दिली (१ करिंथ ३), हे त्यांनी जगून दाखवले.

जमीन कोणी बिघडवली?

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुळे वसईच्या वाड्यांत आहेत. विहिरी, बावखले, केळी, पानवेली आणि चाफ्याचा सुवास हे वैभव त्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने राखले. ते हातचे जाऊ नये म्हणून दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत उतरले होते. वाडीतून वा मुंबईच्या चाळीतून उठून जे कुटुंब कल्याण-शीळ रस्त्यावरील इमारतीत आले, त्याच्या विश्वासाची मुळे उपटताना तुटली असतील, तर तो दोष त्या रोपाचा आहे काय? पहाटे निघून रात्री उशिरा परतणे, फाट्यावरील वाहतूककोंडीत तासन्‌तास अडकणे, सर्वांना मिळून आठवड्यात एकच मोकळा दिवस, शेजारी अनोळखी. ही आहे त्यांच्या मनाची जमीन. ती त्यांनी निवडलेली नाही. परवडणारे घर तेवढे त्यांनी निवडले.

काही वेळा या भूमीतील भराव जिवावर उठतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथे बेकायदेशीरपणे बांधली जात असलेली एक इमारत कोसळली आणि ७४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुले होती, तेथेच राहणारे मजूर होते. वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाचा दाखला (मत्तय ७) आपण व्यक्तिगत अर्थाने वाचतो. येथे घर बांधणारे एक होते आणि गाडले गेले ते दुसरे. म्हणून मातीची मशागत हा केवळ खाजगी भक्तीचा विषय राहू शकत नाही. ज्यांना खडकावर ढकलले जाते त्यांच्या बाजूने उभे राहणे हाही मशागतीचाच भाग आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले, ते शीळफाट्याला शब्दशः लागू पडते.

धर्मग्रामांसाठी याचा अर्थ सरळ आहे. रोप चर्चपर्यंत येत नसेल तर माळ्याने रोपापर्यंत जावे. इमारतीतील पाच-सहा कुटुंबांचा लघु ख्रिस्ती समुदाय हा कठीण जमिनीवर उभारलेला वाफा होय. एकट्या कुंडीतील माती लवकर तापते आणि लवकर सुकते. वाफ्यातील ओल अधिक काळ टिकते.

एका वर्षाचा क्रम

ज्यांना खरोखर बाग करावयाची आहे त्यांच्यासाठी उपासनावर्षाच्या सोबतीने एक क्रम सुचवितो. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाडांची पानगळ होते. ती पाने न जाळता पोत्यांत भरून ठेवावीत. पुनरुत्थानाच्या सणानंतर एप्रिल-मे महिन्यांत खड्डे खणावेत, भराव वेचावा व जमीन तापू द्यावी. पेन्टेकॉस्टनंतर पावसाच्या आरंभी ताग किंवा चवळी पेरावी. ऑगस्टमध्ये, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, ते पीक जमिनीत गाडावे. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा ‘सृष्टीचा काळ’ म्हणून पाळला जातो. तेव्हा गाडलेला पाला मुरू द्यावा आणि अखेरीस लाल माठ, मुळा, मेथी यांसारखी उथळ मुळांची भाजी लावावी. आगमनकाळात ओल उडू लागते, म्हणून साठवलेल्या पाल्याचे आच्छादन पसरावे. शेवगा, अडुळसा, कोरफड, सदाफुली ही झाडे अल्पसंतुष्ट असतात. आरंभ त्यांच्यापासून करावा. मोगऱ्याची घाई नको.

पहिल्या वर्षी फार काही दिसणार नाही. परंतु दुसऱ्या पावसाळ्यात माती हातात घेऊन पाहावी. तिचा रंग थोडा गडद झालेला असेल, मुठीत दाबली तर ती अलगद गोळा होईल आणि बोटाने हलवली तर मोकळी होईल. कदाचित एखादे गांडूळ सापडेल. त्याला कोणी आणलेले नसते. जागा राहण्याजोगी झाली की ते आपणहून येते.

लॅटिन भाषेत सुपीक मातीला ‘हुमुस’ म्हणतात आणि नम्रतेला ‘हुमिलितास’. दोन्ही शब्दांचे मूळ एकच. हिब्रू भाषेत माणूस तो ‘आदाम’ आणि जमीन ती ‘आदामा’. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण माती आहोत हे आपण ऐकतो आणि ते बहुधा मृत्यूची आठवण म्हणून ऐकतो. त्या शब्दांत आशाही आहे. जे माती आहे ते सुधारता येते.

योहानाच्या शुभवर्तमानात (२०:१५) पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालेना प्रभूला ओळखत नाही. तिला तो माळी वाटतो. तिची ती चूक फारशी चूक नव्हती, असे आम्हांस वाटते. आजही तो आपल्या कठीण जमिनीशेजारी उभा आहे आणि मालकाकडे आणखी एका वर्षाची मुदत मागत आहे. शीळफाट्याच्या कोणत्याही घराविषयी, आणि आपल्या स्वतःच्या मनाविषयी, ‘जमीनच वाईट’ असे म्हणण्यापूर्वी आपण एवढेच विचारू या, की तिथे अजून कोणी खणून, खत घालून पाहिले आहे काय?